हिवाळा साठवणारे दगड : सडबरीच्या खाणींतले काही दिवस

बुधवार : टोरोंटो ते सडबरी

कॅनडात टोरोंटोहून उत्तरेला निघालं की सुमारे चारशे किलोमीटरवर सडबरी लागतं. पहिला निम्मा रस्ता शेतं, गोदामं आणि पेट्रोल पंपांचा. पॅरी साउंडच्या पुढे खडक फोडून काढलेला रस्ता सुरू होतो आणि मग डोळे खिडकीबाहेरून हटत नाहीत. दोन्ही बाजूंना गुलाबी-करड्या दगडाच्या उभ्या भिंती आणि त्यांच्या भेगांमधून झिरपलेल्या पाण्याचे निळसर गोठलेले पडदे. फेब्रुवारीचा महिना. गाडीतला काटा टोरोंटोला उणे नऊ दाखवत होता, फ्रेंच नदीच्या पुलावर तो उणे एकवीसवर आला.

गाडी भाची चालवत होती. ती इथेच खाणीतल्या हवेच्या नियोजनाचं काम करते. मी उभी नोकरी चंद्रपूर-उमरेडकडच्या कोळसा खाणींत व्हेंटिलेशन ऑफिसर म्हणून केली. घरात एकाच धंद्यातली दोन माणसं असली की फोनवर दुसरा विषय निघतच नाही. तिने कधीतरी सांगितलं होतं, "मामा, आमच्याकडे एक खाण उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा घेते, आणि ते काम नुसते दगड करतात." तेव्हापासून क्रेटन खाण पाहायची मनात होती.

थंड प्रदेशातल्या खाणींची अडचण आपल्याकडच्या माणसाला चटकन कळत नाही. आपण हवा आत ढकलतो ती गारव्यासाठी आणि वायू पातळ करण्यासाठी. इथे उणे तीसची हवा सरळ शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीत, सोडली तर भिंतीवरून झिरपणारं पाणी गोठतं, त्याचे माणसाएवढे सुळके बनतात आणि ते तुटून केजवर, म्हणजे माणसं वर-खाली नेणाऱ्या पाळण्यावर, पडतात. पाइप फुटतात, दोरखंडावर बर्फ चढतो. म्हणून बहुतेक खाणी हवा आत घेणाऱ्या वाटेच्या तोंडाशी गॅसचे मोठे बर्नर लावून हवा तापवतात.

त्याला उष्णता लागते तरी किती? उणे पंचवीसची हवा अधिक दोनपर्यंत आणायची असेल, तर दर सेकंदाला १०० घनमीटर हवेमागे साधारण ३,८०० किलोवॅट लागतात. खोल खाणीला याच्या कितीतरी पट हवा लागते आणि हे बर्नर महिनोन्महिने पेटते ठेवावे लागतात. मग जुलैत तीसची दमट हवा येते, तेव्हा हीच खाण गारव्यासाठी तळमळते. म्हणजे हिवाळ्यात थंडी घालवायला पैसे मोजायचे आणि उन्हाळ्यात थंडी आणायला पुन्हा पैसे मोजायचे. क्रेटनला हे दोन्ही खर्च एकमेकांत वळते झालेत.

रात्री भाचीच्या घरी पिठलं, ज्वारीची भाकरी आणि तिच्या आईने पाठवलेला ठेचा. जेवताना टेबलावर खाणीचे नकाशे पसरलेले होते. अशा जेवणाला चव वेगळीच.

गुरुवार : सडबरी शहर

सकाळी उणे सव्वीस. श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात, ही जाणीव मला नवीन होती.

सडबरीचं सगळं वैभव एका धडकेतून आलंय. १८५ कोटी वर्षांपूर्वी इथे एक मोठा अशनी आदळला. त्या विवराच्या कडेने निकेल, तांबं आणि प्लॅटिनम गटातले धातू साठले. रस्त्याकडेच्या काही खडकांवर त्या धडकेच्या खुणा अजून दिसतात. पिसाच्या तुऱ्यासारख्या पसरत गेलेल्या शंकूच्या आकाराच्या रेघा. भाचीने गाडी थांबवून एक दाखवली. हातमोजा काढून मी बोट फिरवलं, पण थंडीने ते दगडाला चिकटतंय असं वाटल्यावर लगेच मागे घेतलं. १९७१ आणि ७२ साली अपोलो १६ आणि १७ चे अंतराळवीर हे खडक वाचायला शिकण्यासाठी इथे आले होते.

१८८३ साली रेल्वेमार्ग टाकताना इथला धातुपाषाण नजरेत आला आणि खाणी सुरू झाल्या. त्याची किंमत जमिनीने मोजली. धातुपाषाण उघड्यावर, लाकडांच्या राशींवर रचून महिनोन्महिने भाजायचे. ही पद्धत १९२० च्या दशकापर्यंत चालू होती. गंधकाच्या धुराने झाडं मेली, माती वाहून गेली आणि उघडे पडलेले खडक काळे झाले. १९७२ साली उभारलेली ३८१ मीटरची चिमणी लांबूनच दिसते. २०२० पासून तिच्यातून धूर निघत नाही. १९७८ पासून शहराने डोंगरांवर चुनखडीची भुकटी पसरून झाडं लावायला घेतली. आजवर एक कोटीहून जास्त झाडं लावून झालीत. बर्फातून वर आलेली जॅकपाइनची ती झाडं पाहिली आणि आमच्या कोळसापट्ट्यातले ओव्हरबर्डनचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांचे, डोंगर आठवले. तिथेही झाडं लावली जातात, पण पन्नास वर्षं न सोडता एका कामाच्या मागे लागलेलं गाव मी पहिल्यांदाच पाहिलं.

नऊ मीटर उंचीचं 'बिग निकेल', म्हणजे पाच सेंटच्या नाण्याचं शिल्प, पाहिलं, फोटो काढले. दुपारी रॅम्झी तळ्यावर लोक स्केटिंग करत होते. आम्ही कडेकडेने चाललो. पायाखालचं तळं हासुद्धा थंडीचा साठाच, हे डोक्यातून जाईना. वरचा बर्फ होताना पाण्यातली उष्णता हवेत जाते आणि खालचं पाणी माशांसाठी पाणीच राहतं.

शुक्रवार सकाळ : क्रेटनचा खड्डा

शहराच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर क्रेटन. कधी इथे शाळा, दुकानं, चर्च असलेलं कंपनीचं गाव होतं. १९८० च्या दशकात ते मोडलं आणि घरं हलवली. आता झाडांत लपलेले रस्त्यांचे पट्टे तेवढे उरलेत. खाण मात्र चालू आहे. १९०१ साली उघडी खाण म्हणून सुरुवात झाली. आज ती सुमारे २,४०० मीटरपर्यंत पोचली आहे. आधी इन्को कंपनीची होती, २००६ पासून ब्राझीलच्या वाले कंपनीकडे आहे.

भाचीच्या ओळखीतून रीतसर परवानगी काढली होती. सुरक्षेचं व्याख्यान, सह्या, बूट, हेल्मेट, चष्मा. हाजरीच्या फळ्यावर माझ्या नावाचा टॅग लावला तेव्हा उमरेडच्या पिटावरची सकाळची पाळी डोळ्यांपुढे आली. इतकी वर्षं या फळ्यावर माणसं मोजलीत की तो टॅग परत काढेपर्यंत मन स्वस्थ होत नाही.

बरोबर तिथला एक व्हेंटिलेशन टेक्निशियन होता. त्याचे आजोबा फिनलंडहून याच खाणीत कामाला आले होते. आधी तो आम्हाला खड्ड्याच्या कडेला घेऊन गेला.

इथे वरच्या थरांतला धातुपाषाण खालून पोखरून काढला, तसा वरचा खडक आधार गेल्यामुळे फुटून खाली बसत गेला. आधीच्या उघड्या खाणीची जागाही त्यातच मिसळली. आज वरून पाहिलं तर एक रुंद, खडबडीत खड्डा दिसतो, आणि त्याच्या तळाखाली फुटलेल्या दगडांचा प्रचंड ढीग आहे. काही दगड मुठीएवढे, काही खोलीएवढे. कुणी आराखडा काढून हे बांधलेलं नाही. धातू काढून नेल्यावर जे मागे राहिलं, ते हे.

खाणीत जाणारी हवा या ढिगातून ओढली जाते. खाली, ढिगाच्या तळाशी, पूर्वी धातुपाषाण खरवडून नेण्यासाठी केलेल्या चरांची तोंडं आहेत. पंखे तिथून हवा ओढतात. वरची हवा दगडांच्या फटींतून झिरपत खाली येते. उणे पंचवीसची हवा आत शिरते तेव्हा दगडांत मागच्या उन्हाळ्याची ऊब असते. दगड ती देतात आणि स्वतः गार होत जातात. वरून मुरलेलं पाणी फटींमध्ये गोठतं, आणि पाणी गोठताना उष्णता सोडतं, तीही हवेला मिळते. मार्च संपेपर्यंत ढिगाचा मोठा भाग थिजलेला असतो. मग उन्हाळ्यात तीसची हवा त्याच वाटेने येते, दगडांना आपली ऊब देते, त्यांच्यातला बर्फ वितळवते आणि स्वतः गार होऊन खाली पोचते. ऑक्टोबरपर्यंत दगड पुन्हा उबदार झालेले असतात, आणि पुढचा हिवाळा दाराशी असतो.

दगडी वाड्याची हात-दीड हात जाड भिंत दुपारचं ऊन रात्री उशिरा आत सोडते, तोच हा प्रकार. फक्त भिंतीला काही तासांचा उशीर लागतो आणि या ढिगाला सहा महिन्यांचा. सगळी गंमत त्या उशिराच्या मापात आहे. ढीग लहान असता तर जूनमध्येच थंडी संपली असती. फार मोठे, एकसंध खडक असते तर हवा त्यांच्या पोटातली ऊब वेळेत घेऊ शकली नसती. बारीक चुरा असता तर पृष्ठभाग भरपूर मिळाला असता, पण हवा जायला वाट राहिली नसती आणि पंख्यांचा सगळा जोर तिथेच खर्ची पडला असता. इथे आकार, फटी आणि वस्तुमान यांचा मेळ जमून आला.

टेक्निशियनने खिशातून धुराची नळी काढली, आपण व्हेंटिलेशनवाले वापरतो तीच, काचेची. कुंपणाच्या आत एका ठरावीक जागी थांबून त्याने दोन दगडांच्या फटीपुढे फुगा दाबला. पांढरा धूर क्षणभर तिथेच रेंगाळला. मग त्याचं टोक वळलं आणि तो सावकाश, अजिबात न विखुरता, फटीत शिरला. त्याने पुन्हा दाबला. पुन्हा तसंच. वाऱ्याची झुळूक उलट दिशेने येत होती, तरी धूर आतच जात होता. फटीच्या ओठावर भुरभुरीत हिमाची कड होती. तिचे कण सुटून धुराच्या मागोमाग जाताना दिसले. मी मुख्य पंख्यांपुढे उभा राहिलोय, त्या आवाजात कान बधिर करून घेतलेत. पण दोन हजार मीटर खालची माणसं या फटीतून श्वास घेताहेत, हे त्या मुक्या धुराने जसं दाखवलं तसं कुठल्याच पंख्याने दाखवलं नव्हतं. त्याच्याकडून नळी घेऊन मी स्वतः दाबली, आणखी एका फटीपाशी.

मग केजने वरच्या एका पातळीवर उतरून ढिगाच्या तळाकडच्या वाटेने गेलो. इथे काम डोक्याचं आहे. प्रत्येक चराचं तोंड उघडता, अर्धवट लावता किंवा बंद करता येतं. कुठल्या भागात बर्फ जास्त झालाय, कुठला भाग अजून उबदार आहे, हे पाहून ऋतूप्रमाणे तोंडं बदलायची. हिवाळ्यात एकाच भागातून फार ओढलं तर तो भाग लवकर थिजतो आणि फटी बर्फाने बुजतात. उन्हाळ्यात हावरेपणा केला तर ऑगस्टच्या उकाड्यातच साठा संपतो. टेक्निशियन प्रत्येक तोंडाशी थांबून तापमान टिपत होता. मी माझा जुना हायग्रोमीटर, कोरड्या आणि ओल्या अशा दोन तापमापकांचा, नेला होता, तो फिरवला. दोन्ही तापमापक शून्याच्या किंचित वर. वरती उणे सव्वीस, इथे पाण्याचे थेंब टपकताहेत, आणि मध्ये फक्त दगड. एकही बर्नर नाही.

शुक्रवार दुपार : ६८०० लेव्हल

इथल्या पातळ्यांना फुटांत नावं आहेत. ६८०० लेव्हल म्हणजे सुमारे २,०७० मीटर. केज सुटला की कानांना दडे बसतात, गिळलं की मोकळे होतात, पुन्हा बसतात. खाली हवेचा दाब वरच्यापेक्षा जवळपास पाव पट जास्त असतो.

हा दाबच खोल खाणीचा पहिला शत्रू. हवा खाली उतरताना दाबली जाते आणि नुसत्या त्या दाबण्याने तापते, दर शंभर मीटरला साधारण एक अंश. खडकाचा तिला स्पर्शही न होता दोन हजार मीटरला वीस अंश वाढले. मग खडक आलाच. इथला ताजा फोडलेला खडक ४२ अंशांचा असतो. शिवाय डिझेलची यंत्रं, पंप, स्फोट आणि माणसं.

आता उन्हाळ्यातली तीसची हवा सरळ खाली सोडली असं धरा. तळाशी पोचेपर्यंत ती कागदावर पन्नासला जाते. वाटेत पाणी वाफ होऊन काही अंश कमी होतील, पण तितकाच दमटपणा वाढेल. तीच हवा ढिगातून समजा पाच अंशांनी निघाली, तर तळाशी पंचवीसच्या आसपास राहते आणि खडकाची उष्णता घ्यायला तिच्यात जागा उरते. शिवाय गार दगडांवर तिच्यातलं पाणी आधीच निथळलेलं असतं. माझ्या मते हा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे. नवखी माणसं नुसतं तापमान विचारतात. खाणीत जीव घेतो तो दमटपणा.

आपल्या कोळसा खाणींच्या नियमांत कामाच्या जागी वेट बल्ब, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापकावरचं तापमान, ३३.५ अंशांच्या वर जाता कामा नये, आणि ३०.५ च्या वर गेला तर सेकंदाला किमान एक मीटर वेगाने हवा खेळवली पाहिजे, असं लिहिलेलं आहे. हे आकडे मला झोपेतही पाठ आहेत, कारण त्यांच्यामागे चेहरे आहेत. वेट बल्ब बत्तीसला असलेल्या खाणीच्या भागात पाळीच्या पाचव्या तासाला माणूस कसा दिसतो ते मी पाहिलंय. घाम येतो पण वाळत नाही. हात मंद होतात. सपोर्ट लावताना रोज न चुकणारा जुना हात त्या दिवशी छताचा एक टेकू तिरका लावतो. गरम हवेने माणूस कोसळतो ही नंतरची गोष्ट. त्याआधी तो चुकतो, आणि खाणीतली चूक एकट्याला लागत नाही.

म्हणूनच त्या पातळीवर अंगावरचं जाकीट काढायला लावणारी पण सुसह्य हवा लागली, तेव्हा सकाळचा तो फटीत शिरणारा धूर आठवला. क्रेटन इतकी खोल गेली तरी हवा गार करायचा मोठा यंत्रसंच तिला उभारावा लागला नाही, तो या ढिगामुळे.

केजपासून दीड किलोमीटर चालत गेलं की स्नोलॅब येते, जमिनीखालची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. बूट धुवायचे, कपडे उतरवून अंघोळ करायची, तिथले स्वच्छ कपडे घालायचे आणि मगच आत. चालत्या खाणीच्या पोटात धुळीचा कण न दिसणारी जागा! आकाशातून येणारे म्युऑन कण वर तळहातावरून सतत जात असतात. त्यांच्या गोंगाटात न्यूट्रिनोसारखे क्वचितच सापडणारे सूक्ष्म कण ओळखू येत नाहीत. इथे दोन किलोमीटर खडकातून एखादाच चुकार म्युऑन पोचतो. म्हणून इथे एक हजार टन जड पाण्याच्या गोलात सूर्याचे न्यूट्रिनो मोजले गेले, आणि त्या कामासाठी आर्थर मॅक्डोनल्ड यांना २०१५ चं नोबेल मिळालं, ताकाआकी काजिता यांच्यासह. प्रयोगशाळेची स्वतःची शीतयंत्रं आहेत. उपकरणांची उष्णता शेवटी खाणीच्या परतीच्या हवेत सोडावी लागते. पृथ्वीच्या पोटात उष्णता टाकायला दुसरी जागाच नसते.

नागपूरला मायनिंग शिकत असताना आम्हाला कोलारच्या सोन्याच्या खाणींत नेलं होतं. तिथेही १९६५ साली, चॅम्पियन रीफ खाणीत २.३ किलोमीटर खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते. जगातल्या पहिल्या नोंदींपैकी ती एक. कोलारमध्ये खडक इथल्यापेक्षा कितीतरी तापलेला होता आणि हवा गार करायला यंत्रं लावावी लागली होती. कर्नाटकच्या पठारावर हिवाळा कुठून साठवणार? २००१ मध्ये कोलार बंद झालं. इथल्या तरुण संशोधकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांतल्या दोघांनी कामं सोडून कोलारविषयी विचारलं. मला भरून आलं. त्या खाणीत राबलेल्या माणसांची आठवण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, तेवढ्याच खोलीवर निघाली.

वर आल्यावर टॅग काढला. बाहेर अंधार पडला होता.

शनिवार : स्टोबी आणि बर्फाची कोठारं

फ्रूड आणि स्टोबी या शहराला लागून असलेल्या जुळ्या खाणी. स्टोबी २०१७ मध्ये बंद झाली. आत जाता येत नाही. कुंपणाबाहेरून हेडफ्रेम, म्हणजे शाफ्टवरचा मनोरा, पाहिली आणि गाडीत बसून भाचीने मला तिथल्या बर्फाच्या स्टोपची रचना समजावली.

स्टोप म्हणजे धातुपाषाण काढून झाल्यावर उरलेली पोकळी. स्टोबीत हिवाळ्याची हवा अशा जुन्या पोकळीतून नेत आणि वरून पाण्याचे फवारे सोडत. गोठवणाऱ्या हवेत पाणी फवारलं की ते बर्फ होऊन तळाशी साचतं आणि गोठताना आपली उष्णता हवेला देतं. हवा तापते, कोठार भरतं. उन्हाळा आला की फवारे बंद, आणि गरम हवा त्याच बर्फावरून न्यायची.

इथे पाण्याचं सामर्थ्य पाहण्यासारखं आहे. एक टन खडक दहा अंशांनी तापला किंवा निवला तर सुमारे ८ मेगाज्यूल उष्णतेची देवघेव होते. एक टन पाणी नुसतं गोठलं, तापमान एका अंशानेही न बदलता, तर ३३४ मेगाज्यूल. म्हणजे एक टन बर्फ चाळीस टन खडकाचं काम करतो. मग दगड कशाला? कारण दगडांना फवारे लागत नाहीत, पंप लागत नाही, रात्री उठून नोझल मोकळं करायला माणूस लागत नाही. बर्फाच्या स्टोपला रोज राखण हवी. फवारा बारीक असला तर थेंब हवेतच गोठून उडतात, जाड असला तर पाणी न गोठताच खाली वाहून जातं. आणि वितळलेलं पाणी शेवटी पंपाने वर काढावंच लागतं. तरी नव्या खाणीला क्रेटनसारखा ढीग आयता मिळणार नाही, रिकामा स्टोप मात्र मिळेल. म्हणून मला वाटतं, पुढे उपयोगी पडेल ती स्टोबीची रीत.

दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंगसारख्या चार किलोमीटर खोल सोन्याच्या खाणींत खडक साठ अंशांच्या वर असतो. तिथेही बर्फच वापरतात. जमिनीवर कारखान्यात पाण्याचा बर्फाळ लगदा करून पाइपने खाली सोडतात. तत्त्व तेच, पण तो बर्फ विजेवर बनवायचा. सडबरीला तो आभाळातून मिळतो. असं दान पदरात पडलेलं असताना बर्नर जाळत बसणाऱ्या थंड देशातल्या खाणी पाहिल्या की जीव तुटतो. त्यांच्याकडे थंडी आहे, पोकळ्या आहेत, पाणी आहे, पंखे आधीच फिरताहेत.

रविवार : परतीचा रस्ता, आणि आपल्याकडचं गणित

परतताना हिमवर्षाव लागला. भाचीने वेग कमी केला आणि मला बोलायला जास्त वेळ मिळाला. विषय एकच : आपल्याकडे यातलं काय जमेल?

कोळशात नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. फुटलेल्या, बसलेल्या भागातून हवा ओढायची म्हणजे आमच्या भाषेत गोफमधून हवा खेळवायची. गोफमध्ये मागे राहिलेला कोळसा असतो. त्याला हवा मिळाली की तो हळूहळू तापतो आणि पेट घेतो. म्हणून आयुष्यभर आम्ही गोफ बंद करायला भिंती बांधल्या, त्या भिंतींमागचे वायू तपासले, कुठे कार्बन मोनॉक्साइड वाढतोय का ते पाहत रात्री जागलो. क्रेटनचा खडक जळत नाही. वणीचा कोळसा जळतो. इथली नक्कल तिथे करायला निघणाऱ्याला मी हात धरून थांबवीन.

"मँगनीजचं काय, मामा?" तिने विचारलं.

हा प्रश्न खरा. नागपूर-भंडाऱ्याकडे गुमगाव, चिखला आणि सीमेपलीकडे बालाघाट इथे मँगनीजच्या भूमिगत खाणी आहेत. खडक जळणारा नाही. जुन्या उघड्या खाणींचे खड्डे शेजारीच आहेत. पण उणे तीस नाही. नागपूरला डिसेंबरची पहाट दहा अंशांच्या आसपास आणि मे महिन्याची दुपार पंचेचाळीसची. बर्फाचा प्रश्नच येत नाही, म्हणजे ते ३३४ मेगाज्यूल हातून गेले. उरला नुसता दगड. शिवाय या खाणी काहीशे मीटरच्या, खालचा खडक फारसा तापलेला नाही. तिथे त्रास होतो तो वरून येणाऱ्या मे महिन्याच्या हवेचा.

"मग सहा महिन्यांचा साठा नकोच," ती म्हणाली. "दिवस-रात्रीचा करून बघू. रात्रीची हवा ढिगातून ओढायची, दुपारी तोच गारवा परत घ्यायचा. त्याला ढीगही लहान पुरेल."

मे महिन्यात नागपूरची रात्रसुद्धा पंचविसाच्या खाली सहज जात नाही, हे मी तिला सांगितलं. पण दुपारची पंचेचाळीसची हवा पस्तीसवर आली तरी त्या पाळीतल्या माणसाला फरक पडेल. विदर्भाचा मे महिना कोरडा असतो. ढिगावर थोडं पाणी शिंपडलं तर तापमान आणखी उतरेल, पण दमटपणा वाढेल. वेट बल्ब होता तिथेच राहील, म्हणजे त्या सौद्यात फायदा नाही. म्हणून दगड कोरडेच ठेवायचे, यावर आमचं एकमत झालं. दुसरी अडचण पावसाळ्याची. चार महिने खड्ड्यात पाणी आणि गाळ साचणार, फटी बुजणार. निचऱ्याची सोय आधी, पंखा नंतर.

पॅरी साउंडला कॉफीसाठी थांबलो. तिने कागदी रुमालावर यादी केली : दगडांचा सरासरी आकार, ढिगातल्या फटींचं प्रमाण, हवेला होणारा अडथळा, आणि तासातासाचं तापमान, वेट बल्बसकट, निदान एका पूर्ण वर्षाचं. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. ते आकडे मिळवायचं माझ्याकडे, मॉडेल बांधायचं तिच्याकडे. दगडांच्या आकाराचं मोजमाप कसं घ्यायचं यावरून टोरोंटो येईपर्यंत वाद चालला. मी म्हणतो, ढिगाचा उभा काप घेतल्याशिवाय खरं कळणार नाही. ती म्हणते, फोटोवरून मोजता येतं.